‘राऊ’चा पुढचा भाग

रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि मराठी वाचकाला पेशव्यांच्या घरात डोकावण्याची चटक लागली. ती अजून सुटलेली नाही. ना. सं. इनामदारांनी १९६९ मध्ये ‘मंत्रावेगळा’त शेवटच्या बाजीरावाची बाजू मांडली, १९७२ मध्ये ‘राऊ’त पहिल्या बाजीरावाला आणि मस्तानीला उभे केले, तर १९८३ मध्ये ‘शिकस्त’मधून पार्वतीबाईंचे दुःख सांगितले. दोन लेखकांनी आपापल्या मनाने लिहिलेल्या या कादंबऱ्या. पण आपण त्या एकाच घराची गोष्ट म्हणून वाचतो. आजोबा, पुतणसून, एक नातू थेऊरला संपलेला, दुसरा ब्रह्मावर्ताला गेलेला, अशी वंशावळ मनाशी मांडूनच वाचतो. म्हणून तर ‘राऊ’ परत करताना आपल्यापैकी कुणीतरी हमखास विचारते, “सर, याचा पुढचा भाग आहे का?”

या प्रश्नाला पुष्कळ जण हसतात. मी हसणार नाही. आवडत्या माणसांचे पुढे काय झाले हे विचारणे हा वाचकाचा हक्कच आहे. माझे भांडण वेगळे आहे. पुढचा भाग म्हणजे पुन्हा तेच हवे, अशी आपली समजूत झाली आहे. तोच शनिवारवाडा, तीच कारंजी, तोच पैठणीचा पदर आणि खिडकीतून येणारे तेच चांदणे! २०१५ साली ‘राऊ’वरून हिंदी चित्रपट निघाला तेव्हा या चांदण्याला आरसे आणि नाच येऊन मिळाले. आता कुणी या घराण्यावर नवी कादंबरी लिहायला बसलाच, तर त्याच्या डोळ्यांपुढे बाजीराव येण्याआधी ती दृश्ये येतील अशी मला भीती वाटते.

दुसऱ्याच्या गाजलेल्या कथेला आपली कथा जोडणे हे मुळात वाईट नव्हे. देसाईंनी १९६८ मध्ये ‘श्रीमान योगी’ दिली. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली आणि लोकांनी ती बापामागून लेकाची गोष्ट म्हणून उचलली. पण मधल्या काळात काय घडले होते हे विसरून चालणार नाही. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षे खपून लिहिलेले संभाजीमहाराजांचे चरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध झाले, कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये. बखरींनी आणि नाटकांनी रंगवलेला व्यसनी राजपुत्र या अभ्यासाने पुसला गेला, तेव्हा कुठे कादंबरीकाराला कोरी पाटी मिळाली. संशोधक पुढे आणि कादंबरीकार मागे, असा हा क्रम आहे. तो उलटला की काय होते ते आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारावे. उत्तरपत्रिकेत माधवराव आणि रमाबाईंचे संवाद अवतरणचिन्हांत येतात! रमाबाईंविषयी अस्सल कागदांत फार थोडे सापडते. उरलेली रमा देसाईंनी आपल्या मनातून निर्माण केली. ते त्यांचे सामर्थ्य. पण आपण तिला पुरावा मानतो, हा आपला आळस.

असो. मग ‘राऊ’चा पुढचा भाग कुठे शोधावा? एक वाट उत्तरेला जाते. मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ साली पानिपतच्या रणात जखमी झाला आणि त्या जखमांनीच गेला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर बुंदेलखंडात बांद्याला राज्य मिळवून बसला व १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात वारला. याच घराण्यातला पुढचा नवाब १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उतरला आणि अखेर त्याला इंदूरला दिवस काढावे लागले. ज्या बाईला पुण्याच्या वाड्याने सून मानले नाही, तिचा नातू आणि पणतू पेशव्यांच्याच नात्याने ओळखले गेले. तीन पिढ्यांची कादंबरी इथे तयार पडली आहे. प्रेमकथाच हवी असेल तर प्रेमाचे फळ काय झाले तेही वाचायला नको का?

दुसरी वाट मात्र आपल्या दाराशी येते. राऊंच्या दोन बहिणी होत्या. अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे दिल्या; भिऊबाई बारामतीच्या नाईक जोशांकडे, आबाजी नाईकांना. आबाजींचे भाऊ म्हणजे बाबूजी नाईक. आपण त्यांना मोरोपंतांचे आश्रयदाते म्हणून ओळखतो, कऱ्हेकाठचा वाडा त्यांचा म्हणून दाखवतो आणि तिथेच थांबतो. बाबूजी सावकार होते, आणि पेशवे त्यांचे ऋणको. बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे वाचावीत. ज्याच्या घोड्याला नर्मदा अडवत नव्हती तो सेनापती सावकारांच्या तगाद्याने किती रडकुंडीला येई हे त्यांत दिसते. पुढे माधवरावांनाही मृत्युशय्येवर कर्ज फेडण्याची चिंता होतीच. आमच्या कादंबऱ्यांतून हे कर्ज एखाद्या परिच्छेदात उरकले जाते, आणि अत्तराला मात्र पाने मिळतात. खेडेगावातल्या पोराला कर्ज म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. हुंडीची मुदत भरत आली की घरातल्या नवरा-बायकोत जे होते, तेही संसाराचे, प्रेमाचेच चित्र आहे.

भिऊबाईंची अवस्था पाहा. माहेर कर्ज घेणारे, सासर देणारे. त्यातून २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव वारला, आणि पेशवेपद बाजीरावाच्या मुलाला न देता बाबूजी नाईकांना द्यावे म्हणून रघूजी भोसल्यांनी शाहूमहाराजांकडे खटपट केली. ती फळली नाही, वस्त्रे नानासाहेबांनाच मिळाली. इतिहासात हे दोन ओळींत येते. पण त्या दोन ओळींत एका बाईचा भाचा एका बाजूला आहे आणि नवऱ्याचा भाऊ दुसऱ्या बाजूला. अशी कोंडी मस्तानीच्याही वाट्याला आली नव्हती, असे मी म्हणेन. मस्तानीला निदान आपली बाजू कोणती ते ठाऊक होते.

इंदापूरचे मित्र म्हणतील, आमच्या मालोजीराजांचे काय? खरे आहे. शिवाजीमहाराजांचे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले, त्यांची गढी तिथे आहे, आणि ‘श्रीमान योगी’चा मागचा भाग लिहिणाऱ्याला तिथूनच सुरुवात करावी लागेल. पण तो विषय निराळा आणि त्याची साधने याहून तोकडी.

पेशव्यांच्या बाबतीत साधनांची सबब सांगता येत नाही. गो. स. सरदेसाईंनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले. त्यांतून नाईकांचे कागद वेचायला एखाद्या विद्यार्थ्याने सुट्टीचे दोन महिने दिले तर पुष्कळ होईल. भिऊबाईंचे बोलणे त्यात मिळणार नाही. ते कुणाला तरी रचावेच लागेल, आणि रचले आहे असे प्रस्तावनेत सांगून टाकावे.

मला त्या कादंबरीचे पहिले प्रकरण असे दिसते. १७४० चा उन्हाळा, कऱ्हेचे पात्र आटलेले. रावेरखेडीची बातमी घेऊन जासूद नाईकांच्या दारात उभा. घरात सुतकाची तयारी, आणि पडवीत दिवाणजी साताऱ्याला न्यायच्या रकमेचा हिशेब मांडत बसलेले. भावाच्या नावाने आंघोळ करून ओलेती भिऊबाई माजघरात येते, आणि नाणी मोजल्याचा आवाज तिला तिथपर्यंत ऐकू येतो.