शोभेच्या गवताचे पाणी

लास व्हेगासमधील घरमालक संघांच्या वसाहतींत रस्त्याकडेला हिरवळीचे पट्टे असतात. तिथे मुले खेळत नाहीत, कुणी बसत नाही. पाय पडतो तो गवत कापणाऱ्या माळ्याचाच. नेवाडा राज्याच्या २०२१च्या कायद्याने अशा शोभेच्या गवताला २०२७पासून कोलोरॅडो नदीचे पाणी बंद केले, हे योग्यच झाले. शहराचे सुमारे ९० टक्के पाणी याच नदीचे. घरात वापरलेले पाणी शुद्ध होऊन या नदीवरच्या मीड जलाशयात परत जाते. गवतावर शिंपडलेले वाळवंटी उन्हात उडून जाते. या पट्ट्यांतली जुनी झाडे मात्र जगलीच पाहिजेत. त्यांची मुळे याच तुषारांवर पोसली आहेत. संघांनी आधी झाडांना ठिबक जोडावे, मगच गवत उपटावे.