गाविलगडावरची जोहर आणि मोथ्याची रबडी

आपल्या घरांत बायकांचा प्रवास तीनच कारणांनी होतो : लग्न, दवाखाना आणि उरूस. वाशिम जिल्ह्यातली माणसे मंगरूळपीरला जातात, बाळापूरला जातात, जमले तर अचलपुरात दूल्हा रहमान शाह गाझींच्या दर्ग्यावर फातेहा पढून येतात. त्याच अचलपूरच्या डोक्यावर गाविलगड उभा आहे. तो किती जणींनी पाहिला? पुरुष मंडळी पावसाळ्यात मोटारसायकलवर चिखलदऱ्याला जाऊन येतात आणि घरच्यांच्या वाट्याला मोबाइलमधले फोटो येतात. बेत निघालाच तर "तिथे आपण खाणार काय?" या एका प्रश्नावर तो मोडतो. म्हणून या महिन्यात गड आणि खाणे, दोन्ही.

कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा असा आमचा रस्ता. परतवाड्याहून धामणगाव गढी मागे टाकून घाट चढला की हवाच बदलते. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून कीचकदरा, त्याचे चिखलदरा झाले अशी कथा आहे. 1823 साली कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण शोधले असेही छापलेले आढळते. गवळी आणि कोरकू तेव्हा तिथे राहतच होते, पण शोध साहेबाच्या नावावर!

किल्ला गावापासून जवळच आहे. फरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे की अहमदशाह वली बहमनी 1425 च्या सुमारास एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, मुक्कामाला होता तेव्हा त्याने हा गड बांधवला. हा तोच सुलतान, ज्याच्या बिदरजवळच्या अष्टूरच्या मजारीवर आजही लिंगायत आणि मुसलमान दोघेही उरुसाला जमतात. गाविल हे नाव मात्र गवळ्यांवरून पडले असे मानतात. त्यांची गुरे या पठारावर सुलतानाच्या आधीपासून चरत होती.

दिल्ली दरवाज्यापाशी आमची धाकटी थबकली. दगडात दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आणि त्याच्या पकडीत हत्ती. "मशीद बांधणाऱ्यांनी दारावर हे कसं कोरलं?" तिने विचारले. प्रश्न चांगला होता. त्या पक्ष्याला गंडभेरुंड म्हणतात. दक्षिणेकडे, विजयनगरच्या मुलखात हे चिन्ह जागोजागी दिसते. वऱ्हाडची इमादशाही 1490 साली ज्याने स्थापन केली तो फतहुल्ला इमादुल्मुल्क विजयनगरच्या एका ब्राह्मण घरातला मुलगा. लढाईत कैद होऊन इकडे आला, मुसलमान म्हणून वाढला, सुभेदार झाला आणि पुढे स्वतःच राज्यकर्ता झाला. गडाची मोठी दुरुस्ती त्याच्याच काळातली. लहानपणी पाहिलेला पक्षी त्याला आठवला असेल का? आम्हाला तसे वाटते. वर्गात हा धडा शिकवताना मुलांना दोनच रंगांचा इतिहास ठाऊक असतो, मोबाइलवर आलेला. त्यांना या दरवाज्यासमोर दहा मिनिटे उभे करावे.

पुढची गोष्टही त्या दोन रंगांत बसत नाही. इमादशाही 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने बुडवली, नंतर मोगल आले, शेवटी गड नागपूरकर भोसल्यांकडे गेला. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने उत्तरेकडून तटाला भगदाड पाडून तो घेतला. बहमनी सुलतानाच्या किल्ल्यात, मराठ्यांच्या बाजूने, इंग्रजांशी लढताना मेलेला किल्लेदार बेनीसिंग राजपूत होता. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. 1858 मध्ये तात्या टोपे इथे ठाण मांडतील या धास्तीने इंग्रजांनी गडाची तोडफोड केली.

आत तलाव आहेत, तोफा गवतात पडल्या आहेत आणि उंचावर जामा मशीद आहे. कमानींची रांग अजून उभी आहे. कोपऱ्यातल्या छत्रीची दगडी जाळी पाहून घरातल्या थोरल्या खालांनी "माशाअल्लाह" म्हटले आणि लगेच भिंतीकडे बोट दाखवले. कोळशाने लिहिलेली नावे, बदाम, बाण. त्यांत आपल्या पोरांचीही नावे होती, हे लिहायला लाज वाटते. जोहरची वेळ झाली तेव्हा आम्ही तलावाच्या काठी गवतावर चादरी अंथरल्या. वाशिमहून अंतर पुरेसे असल्याने कसर, दोनच फर्ज. मुलांना मुसाफिराच्या नमाजेचा मसला पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजला.

आता खाण्याचे. कोंबडी कुणी कापली याची खात्री नसेल तर ती मागवू नये, वाद मिटला. झुणका, भाकर, ठेचा, वांग्याचे भरीत यांत शंका घ्यायला जागा कुठे आहे? मिळाला तर कुटकीचा भात जरूर मागावा. कोदो-कुटकी हे कोरकूंचे जुने धान्य. डाळीबरोबर ते अंगाला लागते. मोहाची दारू हराम, पण वाळवलेली मोहाची फुले भाकरीत घालतात, ते अन्नच आहे. जवळच्या मोथा गावात गवळ्यांची वस्ती आहे. तिथल्या रबडीत साखर बेताची आणि दुधाचा वास पुरेपूर. आमच्या खाला घरच्या शिरखुर्म्याखेरीज कशाचे कौतुक करत नाहीत. त्यांनी दुसरी वाटी घेतली.

मेळघाट म्हटले की वर्तमानपत्रांत कुपोषणाच्याच बातम्या येतात. घरून डेगभर बिर्याणी नेली तर त्या डोंगरात आपला रुपया पडत नाही, पडतात फक्त पत्रावळी. एक जेवण तरी तिथल्या हातचे घ्यावे.

आणि कॉफी. विदर्भात कॉफी पिकते हे चिखलदऱ्याला गेल्याशिवाय खरे वाटत नाही. हिंदुस्थानात तिचे बी बाबा बुदन या सूफी बुजुर्गांनी हजहून परतताना येमेनमधून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी रिवायत आहे. आपला अरबी कहवा तुर्कांकडून युरोपात गेला आणि कॉफी होऊन साहेबाबरोबर या डोंगरात आला. खालांना ती कडू लागली. त्यांनी चहाच घेतला.

निघायचे तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरे. पावसाळ्यात धुके सुंदर असते, पण किल्ला दिसत नाही. पायांत बूट हवेत, बुरख्याचा घेर काटेरी झुडपांत अडकतो म्हणून तो सावरायला पिना ठेवा. पाणी सोबत न्या आणि असरच्या आधी गड सोडा, हा वाघाचा मुलूख आहे.