उंदराचे म्हातारपण आणि आपले

‘शरीर म्हणजे यंत्र, ते झिजायचेच’ असे म्हणून म्हातारपणाचा विषय आपण ज्या सहजतेने मिटवून टाकतो, ती सहजता जुन्या घराच्या माळ्यावर वस्तीला असलेल्या दोन जीवांकडे नीट पाहिल्यास टिकत नाही. धान्याच्या पोत्यामागे वावरणारा उंदीर, मांजराची नजर चुकवून कितीही सुखात राहिला तरी, दोन-तीन वर्षांत जराजर्जर होतो. आणि आढ्याला उलटे लोंबकळणारे, त्याच्याहूनही हलके असे वटवाघूळ मात्र त्याच्या कित्येक पट जगते. सैबेरियात जेमतेम सात ग्रॅम वजनाच्या जातीचे एक वटवाघूळ, खुणेचे कडे अडकवल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडल्याची नोंद आहे. दोघेही सस्तन, दोघांचेही रक्त उष्ण. उडण्याचे श्रम तेवढे एकालाच. झीज हेच कारण असते, तर आधी वटवाघळाने मान टाकायला हवी होती.

जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५१ साली लंडनमधील एका व्याख्यानात या कोड्याला जी दिशा दिली, ती यंत्रशास्त्राची नसून हिशेबाची होती. रानातले बहुतेक प्राणी म्हातारे होण्यापूर्वीच कोणाच्या तरी तोंडी पडतात किंवा उपासमारीने मरतात. त्यामुळे जो दोष उतारवयातच प्रकट होतो, तो गाळून टाकण्याची संधी निसर्गाच्या निवडीला फारशी मिळतच नाही. दुसरे जीवशास्त्रज्ञ टॉम कर्कवुड यांनी १९७७ साली या हिशेबात खर्चाची बाजू मांडली: अन्नातून मिळणारी शक्ती मर्यादित, ती पेशींच्या दुरुस्तीस लावावी की संततीस? आणि ज्याला उद्याची शाश्वती नाही, त्याने डागडुजीसाठी मोठी तरतूद करणे म्हणजे मुदत संपत आलेल्या भाड्याच्या घरावर नवी कौले घालणे होय.

हा नुसता तर्क नव्हे. प्राणिशास्त्रज्ञ स्टीव्हन ऑस्टॅड हे व्हेनेझुएलात ओपॉसम या, पिलांना पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या, प्राण्याच्या माद्या पकडून पुन्हा सोडीत असत. चार-सहा महिन्यांपूर्वी ठणठणीत असलेली मादी पुन्हा सापळ्यात आली, की तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि सांधे आखडलेले पाहून ते चकित होत. पुढे त्यांनी अमेरिकेतील जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतचे सॅपेलो बेट निवडले, कारण तेथे मुख्य भूमीवरचे मोठे भक्षक हजारो वर्षे पोचले नव्हते. १९९३ साली त्यांनी जाहीर केले की बेटावरील मादी एका वेळी पिले कमी घालते आणि म्हातारीही सावकाश होते. शेपटीच्या कंडरेतला तंतू वयाबरोबर ताठर होत जातो, तोसुद्धा तेथे धिम्या गतीने. भीती ओसरली, तसा पिढ्यानपिढ्यांत शरीराचा जमाखर्च बदलला.

असे असूनही म्हातारपणावरचे उपाय शोधताना संशोधक उंदरावरच भिस्त ठेवतात; माझा आक्षेप आहे तो येथे. उंदीर स्वस्त, त्याचे आयुष्य संशोधनाच्या अनुदानाच्या मुदतीत बसते, हे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या देहात दुरुस्तीची तरतूदच तुटपुंजी, त्याच्यावर थोडासा उपाय केला तरी गुण डोळ्यांत भरतो, आणि माणसाच्या देहात तीच तरतूद निसर्गाने कदाचित केव्हाच करून ठेवलेली असते. आहारशास्त्रज्ञ क्लाइव्ह मॅकके यांनी १९३५ साली अर्धपोटी ठेवलेले उंदीर अधिक जगल्याचे दाखवले. पण तोच प्रयोग माकडांवर झाला तेव्हा अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या संशोधकांचा २००९ सालचा निष्कर्ष अनुकूल, तर अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा २०१२ सालचा निष्कर्ष आयुष्य न वाढल्याचा. दोन सस्तनांमधले अंतर केवळ आकाराचे नसते.

म्हणून वटवाघूळ, दोनशे वर्षांवर जगणारा उत्तर ध्रुवाकडचा बोहेड देवमासा आणि तीस वर्षे ओलांडणारा आफ्रिकेतला बिनकेसाळ बिळउंदीर, हे आपले खरे शिक्षक होत. त्यांच्या अभ्यासास अधिक पैसा मिळावा. आणि तोवर, ‘उंदरांवर सिद्ध झालेले’ एवढ्याच दाखल्यावर खपवल्या जाणाऱ्या तारुण्यरक्षक गोळ्यांवर वाचकांनी आपल्या निवृत्तिवेतनातला एक रुपयाही घालू नये.