मुकादमाच्या वहीत ती कुठे आहे?

दसरा झाला की आमच्या वाशीम जिल्ह्यातले तांडे रिकामे व्हायला लागतात. मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव भागातून कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, कुणी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल नवऱ्याच्या हातात पडते, अंगठा त्याचा, मुकादमाच्या वहीत नावही त्याचंच. ती तोडलेला ऊस गोळा करते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, रात्री-अपरात्री गाडी भरते. पण वहीत ती नसते. अर्धा कोयता एवढाच तिचा हिशेब.

हा मजुरीचा प्रश्न आहे, तसा तो इतिहासाचाही आहे, असं मला वाटतं. कामगारांचा इतिहास हजेरीपट, करारनामे, चौकशी आयोगांपुढच्या साक्षी, युनियनचे ठराव अशा कागदांवरून लिहिला जातो. नोएडाच्या वि. वि. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून भारतीय श्रमिकांचं अभिलेखागार आहे. गिरण्या, रेल्वे, गोदी इथल्या कामगारांचा माग अशा कागदांतून लागतो, कारण तिथे मस्टर होतं आणि युनियनही होती. फडावरच्या कोपीत राहणाऱ्या बाईचा कागद अशा ठिकाणी कसा पोचणार? तो मुळात तयारच होत नाही.

याच्याशी ताडून पाहण्यासारखं एक उदाहरण आहे, तेही उसाचंच. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजं गेली, त्यांत मराठी माणसं होती. प्रत्येक मजुराला क्रमांक दिला जाई. नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, अंगावरची खूण लिहिली जाई, पुढे फोटोही घेतले गेले. बायकांनाही स्वतःचे क्रमांक होते. यात कसलीही माया नव्हती. पळालेला मजूर पकडता यावा, मळेवाल्याचा करार वसूल व्हावा, एवढ्यासाठीच ते लिहिणं होतं. तरीही ती दप्तरं आज मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत, आणि त्या मजुरांचे वंशज तिथे आपल्या पणजीचं, खापरपणजीचं नाव शोधू शकतात. आमच्या तांड्यावरची नात उद्या आजीचं नाव शोधायला निघाली, तर तिला कुठली वही दाखवायची?

सरकार आपल्या गरजेपुरतं लिहितं, हे आमच्या भागाला नवं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांची नावं पोलिसांच्या नोंदवहीत चढवली. त्यांच्या श्रमाची नोंद ठेवायला मात्र कुणी आलं नाही. जनगणनेचंही असंच होतं. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात, जेव्हा तांड्यातल्या घराला कुलूप असतं. शिवाय स्थलांतराचं कारण एकच लिहायचं. त्यामुळे लग्न होऊन आलेल्या बाईपुढे 'लग्न' एवढंच पडतं. ती वर्षातले पाच-सहा महिने मजुरीसाठी बाहेर असते, हे त्या रकान्यात मावत नाही.

नोंद नसल्याची किंमत बाई रोजच्या जगण्यात मोजते. आमच्या कामात आलेली एक बाई ऊस भरताना गाडीवरून पडली, कंबर कायमची गेली. भरपाईसाठी खटपट केली तेव्हा कारखाना म्हणाला, ही आमची कामगार नाही. मुकादम म्हणाला, माझा व्यवहार तिच्या नवऱ्याशी. तिने सलग आठ हंगाम काम केलं, याचा एक चिटोराही निघाला नाही. उलट नवरा वारला की उरलेली उचल फेडून घ्यायला मुकादम बाईच्याच दारात येतो. त्या वेळी वहीत तिचं नाव नसणं आड येत नाही.

आणि विचारलं की काय बाहेर येतं, हे बीडने दाखवलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. फडावरचे खाडे, त्यांचा दंड, पाळीतला त्रास हे बायका एकमेकींत बोलतच होत्या. आकडा कागदावर आला तेव्हा सरकारला उत्तर द्यावं लागलं.

काही मैत्रिणी म्हणतात, पोटाची मारामार असताना हे दप्तर कशाला? शिवाय यादी मुकादमाच्या हाती लागली तर? ही दुसरी भीती खरी आहे. म्हणूनच नोंद बाईच्या संमतीने व्हावी आणि तिची प्रत आधी तिच्याकडे राहावी.

करण्यासारख्या गोष्टी आपल्या हातात आहेत. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचं काम २०२१ पासून ग्रामसेवकाकडे आहे. तिथे बाईचं स्वतंत्र ओळखपत्र झालंच पाहिजे, असा आग्रह ग्रामसभेत धरू या. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख जाहीर झाली आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम. फडावरच्या कोपींत गणना व्हावी, ही मागणी वेळेत करायला हवी. आणि प्रत्येक गावातल्या गटाने स्वतःची वही सुरू करावी. निघताना बाईचं नाव, कारखाना, मुकादम, उचल लिहायची. परतल्यावर कामाचे दिवस, खाडे, आजारपण, बाळंतपण लिहायचं.

जे मागे राहून गेलं, ते बायकांच्या तोंडूनच मिळेल. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आणलं. तसं आपल्याला तांड्यांवर जाऊन करता येईल. म्हाताऱ्या बायकांचं बोलणं त्यांच्याच गोरबोलीत नोंदवून घ्यावं, मराठी मागाहून करता येईल. ज्यांनी तीस-चाळीस हंगाम ऊस वाहिला त्या आता थकल्या आहेत. हे काम पुढच्या दसऱ्यावर ढकलता येणार नाही.