खोडकिडा आणि गांवाची एकी

उमरठच्या खाचरांत भात निसवल्यावर कांहीं लोंब्या पांढऱ्या व पोकळ दिसल्या, तर पावसास दोष देण्यापूर्वी एक लोंबी ओढून पहावी. ती सहज उपटून आली, तर तो खोडकिड्याचा प्रताप समजावा.

भारतापासून दक्षिण जपानपर्यंतच्या भातशेतींत हा पतंग आढळतो. मादी पिवळसर असून तिच्या पुढील प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. पानाच्या शेंड्याजवळ ती पुंजक्यानें अंडीं घालते व केसांनीं झांकते. सुमारें आठवड्यानें अळी निघून खोडांत शिरते व आंतून पोखरते. कोवळ्या रोपाचा पोंगा सुकतो, निसवत्या रोपाची लोंबी पोकळ राहते. कापणीनंतर ती धसकटांत सुप्त राहून पुढील हंगामाची वाट पाहते.

यास्तव लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावे, भात जमिनीलगत कापावें आणि ओल आटून जमीन कठीण होण्यापूर्वीच नांगरून धसकटें वेंचावीं. परंतु एकानें केलें व शेजाऱ्यानें टाळलें, तर श्रम व्यर्थ होत. पतंगास बांध अडवीत नाहीं. हें काम सर्व गांवानें एकाच पंधरवड्यांत उरकावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.