माळावरचा मार्चअखेर

माळटिटवीचे घरटे शोधायला निघालेल्या माणसाच्या हातून ते सापडण्यापेक्षा त्याच्या पायाखाली येण्याचीच शक्यता जास्त. मुरमात उकरलेला उथळ खळगा, भोवती गोळा केलेले खडे आणि निमुळती टोके आत करून ठेवलेली चार ठिपकेदार अंडी. रंग अगदी मुरमाचाच. एप्रिल-मेच्या उन्हात अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू न देण्याचीच धडपड जास्त. म्हणून पक्षी जवळच्या पाण्यात पोटाची पिसे भिजवून येतो आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसतो. धाविक आणि चंडोल यांचीही वीण याच सुमारास, अशाच उघड्या जमिनीवर असते.

आणि नेमक्या याच महिन्यांत माळावर कुदळी-फावडी आणि जेसीबी उतरतात. पहिल्या पावसात रोपे लावायची तर खड्डे उन्हाळ्यातच तयार हवेत. तीन मीटर बाय तीन मीटर अंतर धरले, तर एका हेक्टरात १,१११ खड्डे होतात. शिवाय उतारावर सलग समतल चर. अंड्यातून बाहेर पडताच चालू लागणाऱ्या पिल्लाला दोन फूट रुंदीचा चर ओलांडणे जमत नाही. पुढे जुलैत लागवडीची लगबग सुरू होते, तेव्हा माळढोक, तणमोर आणि लावे विणीला लागलेले असतात. पक्ष्यांचे वर्ष आणि सरकारी कामांचे वर्ष एकमेकांवर इतके अचूक आदळावे, हे ठरवूनही जमले नसते.

माळ राखायला पैसा कमी पडतो, अशी एक सोयीची समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जंगलाची जमीन खाणीला, धरणाला किंवा रस्त्याला दिली की प्रकल्पकर्त्याकडून भरपाई वसूल होते. तिच्या विनियोगासाठी २०१६ साली प्रतिपूरक वनीकरण निधी कायदा झाला, आणि ऑगस्ट २०१९मध्ये केंद्राने राज्यांकडे एकरकमी ४७,४३६ कोटी रुपये वळते केले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले सुमारे ३,८४४ कोटी आले. ही सगळी रक्कम झाडे लावण्यातच घालावी, असे कायदा म्हणत नाही. झाडांच्या बदल्यात झाडे लावण्याचा हिस्सा वेगळा. गमावलेल्या जंगलाचे मूल्य म्हणून जी रक्कम येते, तिच्यातून वन्यजीवांचा अधिवास सुधारण्याची कामे करता येतात. तरतूद आहे, पण अंदाजपत्रक बनवणाऱ्याच्या हाताला वळण लागले आहे ते खड्ड्याचे. खड्डा मोजता येतो, त्याचा दर ठरलेला असतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, फोटो निघतो आणि मार्चअखेर निधी खर्ची पडतो. गवत राहू दिले, म्हणजे काहीच केले नाही, याचे देयक कोणत्या लेखाशीर्षात बसवायचे?

राज्याने २०१६च्या १ जुलैला २ कोटी झाडांचे उद्दिष्ट धरले. पुढच्या तीन वर्षांत ते ४, १३ आणि ३३ कोटी झाले. या आकड्यांवर राजकीय चिखलफेक भरपूर झाली. किती रोपे जगली, यावर वाद रंगले. ती लावली कुठे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. इतक्या रोपांना जागा लागते, आणि घनदाट जंगलात ती नसते. मग डोळे वळतात ते गायरानाकडे, वनखात्याच्या ताब्यातल्या माळाकडे. खुरटी बोर-हिवराची झुडपे आणि कुसळी गवत असलेली जमीन सरकारी नकाशात बहुधा ‘पडीक’ म्हणूनच रंगवलेली असते.

ती पडीक नाही आणि उजाडही झालेली नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी संतसाहित्य, चरित्रग्रंथ आणि लोकसाहित्य चाळून त्यातल्या रानवनस्पतींची यादी केली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४४ वनस्पती सापडल्या, त्यांपैकी २७ उघड्या गवताळ रानाच्या खुणा सांगणाऱ्या. थोडक्यात, पश्चिम महाराष्ट्राचा माळ इंग्रजांनी जंगल तोडल्यामुळे तयार झालेला नाही. साडेसातशे वर्षांपूर्वीही तो माळच होता. तिथे झाडांची दाटी करणे याला पुनरुज्जीवन म्हणता येत नाही.

सोलापूरजवळचे नान्नज हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाच्या पैशातून इथे माळाचे काही तुकडे राखले गेले. चराई थांबली, गवत उभे राहिले आणि तिथे माळढोक येऊन अंडी घालू लागला. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही थेट जमिनीवर, आणि पिल्लू एकटीच वाढवते. अशा पक्ष्याला दुष्काळनिवारणाच्या निधीने आसरा दिला, ही त्या कार्यक्रमाची अनपेक्षित आणि दुर्दैवाने विसरली गेलेली कमाई. पुढे त्याच भागात गिरिपुष्पाची लागवड झाली. दूरवर नजर टाकून संकट हेरणाऱ्या पक्ष्याला झाडांची भिंत नको असते. फांदीवर कावळा टपून बसतो, सावलीत मोकाट कुत्री. असद रहमानींसारखे पक्षीतज्ज्ञ हे वर्षानुवर्षे सांगत राहिले.

१९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याने तर उलट टोक गाठले. ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खे तालुके कागदावर अभयारण्यात. शेतकऱ्याची जमीन अडकली, गावांची कामे अडली आणि माळढोक हे शिव्या घालायचे नाव झाले. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर उशीर झाला होता. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी ती पहिल्या पानाची बातमी ठरते.

बाहेर कुठे हे जमले आहे का? इंग्लंडमधल्या सॉल्सबरी प्लेनवर जमले. ते ब्रिटिश सैन्याचे सराव क्षेत्र, म्हणजे सरकारी जमीन. युरोपीय संघाच्या ‘लाइफ’ अनुदानातून २००१ ते २००५ या काळात तिथला झाडोरा काढून गवताळ कुरणे मोकळी केली गेली आणि करवानकासाठी जमिनीचे तुकडे मुद्दाम उघडे ठेवले गेले. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनाही असे तुकडे मोकळे राखण्याचे पैसे मिळतात. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये करवानकाच्या दीडशेच्या आसपास जोड्या उरल्या होत्या, त्या दुपटीहून अधिक झाल्या. आपल्या शेजारी मध्य प्रदेशाने सैलाना भागात तणमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि त्याचे घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला रोख बक्षीस द्यायला दोन दशकांपूर्वी सुरुवात केली. रक्कम काही हजारांचीच, पण ती खड्ड्यासाठी नव्हे, घरट्यासाठी होती.

महाराष्ट्राने हेच करावे. माळावरच्या कामांसाठी निधीत स्वतंत्र शीर्ष हवे आणि त्याखाली रोपांची संख्या हा रकानाच नको. सुबाभूळ, गिरिपुष्प, विलायती बाभूळ काढणे, मारवेल, पवन्या, शेडा ही गवते परत आणणे, मार्च ते सप्टेंबर स्थानिक राखणदार नेमणे, कुत्र्यांचा बंदोबस्त. राखणदार शोधायला लांब जायला नको. अकोला जिल्ह्यात वडाळ्याच्या फासेपारध्यांनी, ज्यांच्या वाडवडिलांचा धंदाच तितर-लावे पकडण्याचा, गवताळ रान राखून दाखवले आहे. घरटे ओळखणारी त्यांच्यासारखी नजर कोणत्या प्रशिक्षणात तयार होणार?

एक सावधगिरी मात्र हवी. माळ राखायचा म्हणजे मेंढपाळाला हाकलायचे, असा सरसकट अर्थ काढला तर नुकसानच होईल. माळढोकाला गुडघाभर गवत लागते, तर धाविकाला खुरटलेले. त्यामुळे काही गट बंद आणि काही खुले, असे आळीपाळीने ठेवावे लागतात. ते वेळापत्रक धनगर वाड्यावर बसून ठरवायचे काम आहे.

पुढच्या वर्षाच्या कामांचे प्रस्ताव हिवाळ्यातच खालून वर जायला लागतात. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, अकोला आणि वाशीम इथल्या वनविभागांनी त्याआधी आपल्या ताब्यातल्या माळांचे गट क्रमांक ‘रोपवनास योग्य’ या यादीतून खोडून टाकावेत. एवढ्या कामाला अनुदानही लागत नाही.