ब्रशला लागलेलं रक्त

लिलियन मरे या तरुणीला दंतवैद्य व्हायचं होतं. लंडनच्या नॅशनल डेंटल हॉस्पिटलच्या डीननी तिला इमारतीत पाऊलही टाकू दिलं नाही. मुलांचं लक्ष उडेल, अशी त्यांना भीती. मुलाखत झाली ती बाहेर फुटपाथवर, आणि एडिनबराला जाऊन बघा, असा सल्ला मिळाला. एडिनबराच्या डेंटल हॉस्पिटल अँड स्कूलनं १८९२ मध्ये तिला प्रवेश दिला आणि १८९५ मध्ये ती ब्रिटनमधली पहिली पदविकाधारक स्त्री दंतवैद्य ठरली. आदल्याच वर्षी आपल्या रखमाबाईंनी स्कॉटलंडच्या वैद्यकीय परीक्षा देऊन डॉक्टरकीचा परवाना मिळवला होता. पुढे लिलियनबाईंनी पतीबरोबर एडिनबराच्या ब्रँडन स्ट्रीटवर १९२० पर्यंत दवाखाना चालवला.

दंतवैद्यकाची अशी परंपरा असलेल्या देशात १९७२ ची पाहणी सांगते, की स्कॉटलंडमधल्या ४४ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरला नव्हता. लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून तिला कवळी भेट द्यायची, म्हणजे पुढे नवऱ्याला खर्च नको, असाही प्रघात त्या काळात होता. दात जायचेच आहेत, मग आजच जाऊ देत, हे लोकांनी मनोमन मान्य केलेलं होतं.

हा समज मराठी घरांतही काही कमी नाही. ‘वय झालं, दात हलणारच’ हे वाक्य किती सहज बोललं जातं! ब्रशला रक्त लागलं की ब्रश कडक असेल, उष्णता वाढली असेल, असं म्हणून माणूस कामाला लागतो. हात धुताना रोज नखांतून रक्त आलं असतं, तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला असता. हिरडी मात्र दुखत नाही, आणि सगळा घात तिथेच होतो.

दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो. तो रोज निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी त्याचं किटण होतं आणि मग ते ब्रशनं निघत नाही. हिरडी सुजते, लाल होते, तिच्यातून रक्त येतं. इथवरचं सगळं भरून येतं. डेन्मार्कच्या आरहूसमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये हे दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं थांबवलं, तेव्हा १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. दुर्लक्ष वर्षानुवर्षं चाललं, तर मात्र काहींची सूज खाली हाडापर्यंत उतरते. आपण ज्याला पायरिया म्हणतो तो हाच. झिजलेलं हाड सहसा परत येत नाही.

स्कॉटलंडमध्ये दंतवैद्यांना दिलेल्या मार्गदर्शनात उपचाराइतकाच भर रुग्णाला शिकवण्यावर आहे, आणि ते फार योग्य आहे. आधी तपासणी होते. टोकाला अर्ध्या मिलिमीटरचं गोल बोंड आणि अंगावर काळा पट्टा असलेली बारीक सळई हळूच दात-हिरडीच्या फटीत सरकवली जाते. काळा पट्टा ३.५ मिलिमीटरवर सुरू होतो. तो पूर्ण दिसत असेल तर बरं, बुडायला लागला तर हाड जायला लागल्याची शंका. मग रुग्णाच्या हातात आरसा येतो. रक्त कुठून येतंय ते त्याला दाखवलं जातं, दोन दातांमधल्या फटीत घालायचा छोटा ब्रश कसा धरायचा ते सांगितलं जातं आणि तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, त्याच्याकडून ते करून घेतलं जातं. ‘नीट घासत जा’ एवढ्या उपदेशानं कुणाचाही हात सुधारत नाही.

इथे तंबाखूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून त्याला वाटतं सगळं ठीक आहे. आत हाड मात्र जास्त वेगानं झिजत असतं. आपल्याकडे तर मशेरी ही दात घासायची वस्तू म्हणूनच घरात येते. भाजलेला तंबाखू रोज हिरडीवर चोळणाऱ्या आयाबायांना कुणी व्यसनी म्हणत नाही, आणि म्हणूनच त्यांना कुणी थांबवतही नाही. मधुमेहींनीही जपायला हवं. साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडीची सूज साखर आवरू देत नाही.

स्कॉटलंडचं खरं काम नर्सऱ्यांमध्ये दिसतं. चाइल्डस्माइल योजनेत लहान मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली रोज एकत्र दात घासतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या ब्रशवर फ्लोराइडच्या पेस्टचा नुसता पुसटसा थर, त्यावरच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट. शेवटी थुंकायचं, पण चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं न वाटणाऱ्या मराठी आजी-आजोबांना हे विचित्र वाटेल, तरी नातवाचं ऐकावं. हा नियम मुख्यतः किडीसाठी असला, तरी रोज दोनदा घासायचा हात त्या वयात बसतो आणि तोच पुढे हिरड्याही राखतो.

मोठ्यांनी सुरुवात आजही करावी. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरून दोन मिनिटं, आणि दिवसातून एकदा फटींची सफाई. फटीचा ब्रश कोणत्या मापाचा, ते दंतवैद्याला विचारावं. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात. पहिले काही दिवस रक्त जास्तही येईल, त्याला भिऊन थांबू नये. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं, तर किटण काढून घ्यायची वेळ झालेली असते. स्कॉटलंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेची (एनएचएस) दंततपासणी मोफत आहे, आपल्याकडे सरकारी दंत महाविद्यालयांत हे काम कमी पैशांत होतं.